चाकातली घरघर: बेअरिंग की टायर?

पारोळ्याहून जळगावला निघालं की एरंडोल मागे पडेपर्यंत आईचं एक वाक्य ठरलेलं असायचं. मागच्या सीटवरून ती म्हणायची, "खालून काहीतरी घुमतंय रे." पुढे बसून मलाही आवाज येत होता, पण तो डाव्या हाताला पुढच्या चाकातून येतोय अशी माझी खात्री होती. टायरच्या दुकानात गेलो. पुढचे टायर झिजलेच होते, ते बदलले. आठवडाभर बरं वाटलं आणि मग घुमणं पुन्हा ऐकू यायला लागलं. त्यानंतर एका गॅरेजमध्ये पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं. पैसे गेले, आवाज तसाच राहिला. खराब होतं ते मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग. आई बरोबर त्याच्यावरच बसत होती. तिचं ऐकलं असतं तर निदान पुढच्या बेअरिंगचा खर्च वाचला असता.

ते शोधून दिलं आमच्या गावातल्या नानांनी. नानांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं शेड आणि निंबाची सावली. मी आवाज कुठून येतो ते सांगू लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "भाऊ, आवाज कुठे शे ते नको सांगू. आवाज कोना मांगे पळस, ते सांग." आवाज कशाच्या मागे पळतो? गाडीच्या वेगामागे, इंजिनामागे, रस्त्यामागे की वळणामागे? या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. गाडीचा पत्रा आवाज इकडून तिकडे वाहून नेतो, त्यामुळे जागेच्या बाबतीत कान फसतो. पण आवाज कधी वाढतो आणि कधी कमी होतो, ते सांगायला तो सहसा चुकत नाही.

आधी बेअरिंग म्हणजे काय ते पाहू. बैलगाडीचा आख जागेवर असतो आणि चाकाचा तुंबा त्याच्याभोवती फिरतो. दोघांच्या मध्ये वंगण घालावं लागतं, नाहीतर चाक कुरकुरायला लागतं. तिथे लाकूड किंवा लोखंड एकमेकांवर घासतं आणि वंगण ती घासाघीस कमी करतं. मोटारीत ही घासाघीसच काढून टाकलेली असते. एक पोलादी कडं आत, एक बाहेर, आणि दोघांच्या मधल्या खाचेत पोलादी गोळ्या. बहुधा आतलं कडं हबबरोबर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या भागाबरोबर फिरतं, बाहेरचं कडं गाडीच्या बाजूला घट्ट बसलेलं असतं आणि मधल्या गोळ्या घरंगळत राहतात. गोळ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांना जाळीत बसवलेलं असतं. आत ग्रीस भरलेलं असतं आणि दोन्ही बाजूंना रबरी सील असतं. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा एकाच बेअरिंगमध्ये असतात आणि ते बेअरिंग कारखान्यातूनच बंद होऊन येतं. त्यात ग्रीस भरायची सोय नसते. जुन्या जीपगाड्या आणि ट्रॅक्टरची ट्रॉली यांच्यात गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेली दोन वेगळी बेअरिंगं असतात. ती उघडता येतात, धुता येतात, ग्रीस भरून पुन्हा बसवता येतात. म्हणून जुने लोक "बेअरिंगला ग्रीस मारून घे" असं सांगतात. त्यांच्या गाडीसाठी ते बरोबर होतं. आजच्या बंद बेअरिंगला आवाज लागला की ते बदलणं एवढाच मार्ग उरतो.

आता आवाज कसा तयार होतो, ते थोडं हिशेबाने पाहू, कारण हा हिशेब समजला की पुढच्या सगळ्या चाचण्या आपोआप समजतात. १६५/८० आर १४ मापाचा टायर घ्या. त्याचा घेर साधारण १.९५ मीटर भरतो. म्हणजे एका किलोमीटरला चाक पाचशेपेक्षा थोडे जास्त फेरे मारतं. ताशी ६० च्या वेगाने गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते, तेव्हा चाक सेकंदाला साडेआठ फेरे घेतं. गाडी एक लाख किलोमीटर चालली की त्या बेअरिंगने पाच कोटींहून जास्त फेरे मारलेले असतात, तेही गाडीचं वजन अंगावर घेऊन. गोळी आणि कडं जिथे टेकतात ती जागा अगदी लहान असते, आणि सगळा भार त्या एवढ्याशा जागेवर येतो. कोट्यवधी वेळा दाबलं गेलं की पोलादसुद्धा थकतं. पृष्ठभागाच्या जरा खाली बारीक तडा जातो, तो वर येतो आणि तिथून धातूचा एक पापुद्रा निघतो. खाचेत तिळाएवढा खळगा पडतो.

आता प्रत्येक गोळी त्या खळग्यावरून जाताना टक्कर बसते. एका रांगेत १३ गोळ्या धरल्या, तर ताशी ६० च्या वेगाला बाहेरच्या कड्यातल्या एका खळग्यावर सेकंदाला ४५ ते ५० टकरा बसतात. इतक्या टकरा कानाला वेगवेगळ्या ऐकू येत नाहीत. त्यांची मिळून एक सलग गुणगुण होते. शेतातल्या डीपीची गुणगुण आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे, ती सेकंदाला १०० कंपनांची असते. बेअरिंगची मूळ गुणगुण त्याच्याही खालच्या पट्टीतली. वेग ४० वर आणला की टकरा तीसच्या आसपास येतात, ८० वर नेला की पासष्टच्या आसपास जातात. त्यामुळे सूर वेगाबरोबर चढतो आणि वेगाबरोबरच उतरतो, मध्येच उडी मारत नाही. पुढे खळगे वाढत गेले की या गुणगुणीत खरखर मिसळते आणि शेवटी दळण दळल्यासारखा आवाज येतो.

उन्हाळ्यात कूलरच्या पंख्याचं बुश गेल्यावर तो कसा घरघरतो, ते खान्देशात घराघरांत ठाऊक आहे. पण कूलर एकाच वेगाने फिरतो. गाडीचा वेग आपल्या हातात असतो, म्हणून आपण आवाजाची परीक्षा घेऊ शकतो.

रस्त्यावरची परीक्षा

सपाट, सरळ, रिकामा रस्ता निवडा. सकाळी लवकर जा. खिडक्या आधी बंद ठेवून आणि मग उघडून ऐका, एसी आणि गाणी बंद. शक्य असेल तर एका माणसाला सोबत घ्या, कारण चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं आणि ऐकणाऱ्याने ऐकायचं, ही दोन कामं वेगळी आहेत.

पहिला प्रश्न इंजिनाचा. ताशी ६० वर असताना क्लच दाबा किंवा गिअर न्यूट्रल करा. इंजिन मात्र चालूच राहू द्या. ते बंद केलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही काही दाबांनंतर संपते. क्लच दाबला की गाडीला धरून ठेवणारा इंजिनाचा रोधही हातातून जातो, म्हणून ही परीक्षा घाटाच्या उतारावर करायची नाही, मग तो लळिंगचा असो की कन्नडचा. इंजिनाचे फेरे खाली आले तरी घुमणं जसंच्या तसं राहिलं आणि गाडी हळू होत गेली तसं तेही उतरत गेलं, तर इंजिन आणि त्याच्या पट्ट्यावरची पंखा, अल्टरनेटर वगैरे मंडळी संशयातून सुटली. उलट गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर तोच आवाज आला, तर चाकाकडे बघायचं कारणच नाही. पाय दाबला की आवाज वाढतो आणि सोडला की लगेच वेगळा होतो, वेग मात्र तेवढाच असतो, असं असेल तर गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअल (इंजिनाची ताकद दोन बाजूंच्या चाकांत वाटणारा भाग) तपासून घ्या. त्यांचे दाते भाराप्रमाणे आवाज बदलतात.

दुसरा प्रश्न रस्त्याचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोलाचा, कारण खरी गल्लत टायर आणि बेअरिंग यांच्यातच होते. दोघंही वेगामागे पळतात. दोघंही घुमतात. पण टायर रस्त्याला टेकलेला असतो आणि बेअरिंगला रस्त्याची ओळखच नसते. खरखरीत डांबरावरून नव्या गुळगुळीत डांबरावर आलात, किंवा डांबरावरून सिमेंट काँक्रीटच्या पट्ट्यावर चढलात, तर त्या क्षणी लक्ष द्या. आवाजाचा पोत एकदम बदलला तर तो टायरचा. रस्ता बदलूनही तो खालून तसाच घुमत राहिला तर बेअरिंगवर संशय घ्या. गावातला काँक्रीटचा रस्ता यासाठी फार उपयोगी नाही, तिथे वेगच मिळत नाही. महामार्गावर जिथे डांबर संपून काँक्रीट सुरू होतं, तो जोड मात्र परीक्षेसाठी उत्तम.

टायरचा संशय आला तर उतरून हात फिरवा. टायरच्या नक्षीवरून तळहात एका दिशेने न्या, मग उलट्या दिशेने. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीच्या दात्यांसारखं लागलं, किंवा ठरावीक अंतरावर उंचसखल लागलं, तर तो टायर घुमणारच. त्याचं कारण अलाइनमेंट, ढिला शॉकॲब्सॉर्बर किंवा हवेचा चुकीचा दाब यांत शोधा. तरीही शंका असेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाका. आवाज टायरबरोबर जागा बदलतो का ते ऐका. बेअरिंग गाडीवर जिथल्या तिथे राहतं, त्यामुळे त्याचा आवाज हलत नाही. हे काम अगदी कमी पैशांत होतं. नवे टायर घेण्याआधी मी हे केलं असतं तर बरं झालं असतं. नव्या टायरचा आवाज वेगळा असतो, त्यामुळे आठ दिवस कान नव्या आवाजात गुंततो आणि दुखणं गेलं असं वाटतं. माझं नेमकं तेच झालं.

तिसरा प्रश्न वळणाचा. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं वजन उजव्या चाकांवर झुकतं. एसटीत उभं राहिलेल्या माणसाला हे पायांतून कळतं. भार वाढला की खराब बेअरिंग जास्त ओरडतं. म्हणून लांबट डाव्या वळणावर घुमणं वाढलं तर उजव्या बाजूवर संशय, आणि उजव्या वळणावर वाढलं तर डाव्या बाजूवर. त्यासाठी चालत्या रस्त्यावर गाडी सापासारखी हलवायची गरज नाही. महामार्गाचं एखादं मोठं वळण आपल्या लेनमध्ये राहून नेहमीच्या वेगाने घेतलं तरी फरक कळतो.

हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो, पण डोळे झाकून धरू नका. गोळ्यांच्या दोन रांगा असतात हे आठवा. वळणावर चाक तिरकं दाबलं जातं तेव्हा एका रांगेवरचा भार वाढतो आणि दुसरीवरचा हलका होतो. खळगा नेमका त्या हलक्या झालेल्या रांगेत असेल तर आवाज उलट कमी होऊ शकतो. वळणाच्या परीक्षेतून दिशा कळते, निकाल जॅकवर चढवल्यावरच लागतो.

पुढचं की मागचं, हे ठरवायला माणूस मागे बसवण्यासारखा उपाय नाही. नानांनी तेच केलं. स्वतः मागच्या सीटवर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बसले, हात सीटखालच्या पत्र्यावर ठेवला आणि मला त्याच पट्ट्यावरून दोनदा गाडी न्यायला लावली. बोटांना कंप कानाच्या आधी लागतो, असं ते म्हणतात. सोबत कोणी नसेल तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावून तो एकदा मागच्या सीटखाली आणि एकदा पुढच्या सीटखाली ठेवा, त्याच रस्त्यावरून त्याच वेगाने जा आणि घरी येऊन शांतपणे ऐका. नंतर गॅरेजमध्ये सांगायलाही ते कामाला येतं, कारण आपण आवाजाचं वर्णन करतो आणि समोरचा भलतंच समजतो.

जॅकवर

इथे थोडं सावकाश जातो, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे. गाडी जॅकवर उचलल्यावर तिच्याखाली अंग घालायचं नाही. जमीन घट्ट हवी. काळ्या मातीत जॅक रुततो आणि कलतो, तेव्हा सिमेंटचा ओटा किंवा पक्का रस्ता शोधा. ज्या चाकाची परीक्षा करायची नाही, त्यांच्या पुढेमागे दगड लावा आणि उचललेल्या भागाखाली स्टँड द्या. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागचं चाक फिरवून बघायचं असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणजे गाडीला तोही आधार उरत नाही. अशा वेळी पुढच्या चाकांनी चालणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड लावा. पुढचं चाक तपासताना उलट: हँडब्रेक घट्ट, गिअर न्यूट्रल.

आधी चाकाला घड्याळ समजा. एक हात बारावर, एक हात सहावर ठेवून चाक आतबाहेर हलवा. टक् असा खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर बेअरिंग ढिलं असू शकतं. पण चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, झिजला तरी असाच खेळ लागतो. दोघांत फरक करायची युक्ती सोपी आहे. सोबतच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक धरल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर दोष बाहेरच्या सांध्यात. तीन आणि नऊवर हात ठेवून हलवल्यावरच खेळ लागत असेल तर बहुधा स्टिअरिंगच्या टाय रॉडकडे बघावं लागतं.

इथे एक मोठा गैरसमज आहे. "चाक हलवून पाहिलं, प्ले नाही, म्हणजे बेअरिंग चांगलं आहे," असं अनेक ठिकाणी सांगतात. मलाही सांगितलं होतं. आजची दोन रांगांची बेअरिंगं आतून घट्ट दाबलेली असतात. त्यांच्या खाचेत खळगा पडून ती महिनोन् महिने घुमतात आणि तरीही हाताला तसूभर खेळ लागत नाही. खेळ लागला तर बेअरिंग बरंच पुढे गेलेलं असतं. खेळ न लागणं हा निर्दोष असल्याचा पुरावा होत नाही.

म्हणून पुढची परीक्षा जास्त खरी. चाक हाताने जोरात फिरवा आणि दुसरा हात त्या चाकाच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हलकेच टेकवा, फिरत्या टायरपासून बोटं दूर ठेवून. चांगल्या बेअरिंगचं चाक फिरताना स्प्रिंग शांत असते. खराब असेल तर स्प्रिंगमधून बारीक खरखर बोटांना लागते, जणू आत वाळूचे चार कण दळले जातायत. मग दुसऱ्या बाजूचं चाक त्याच पद्धतीने फिरवा. ही तुलना फार महत्त्वाची, कारण एकट्या चाकावरून "किती खरखर म्हणजे जास्त" हे कळत नाही. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत मागची चाकं मोकळी असतात, तिथे हे लगेच समजतं. पुढची चाकं मात्र गिअरबॉक्सला जोडलेली असल्यामुळे जड फिरतात, आणि ब्रेकचे पॅडही घासतात, म्हणून तिथे सावकाश आणि दोनदा पाहा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हबच्या न फिरणाऱ्या भागावर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवून ऐकण्याची गॅरेजातली जुनी पद्धत आजही चालते. इंजिन चालू करून, गिअर टाकून, उचललेलं चाक फिरवून ऐकायचा मोह घरी टाळा. एकच चाक उचललेलं असताना डिफरन्शिअलमुळे ते मीटरवर दिसतं त्याच्या दुप्पट वेगाने फिरतं. ते काम लिफ्ट असलेल्या गॅरेजचं.

दमदार फेरी मारून आल्यावर चारही चाकांच्या हबचं तापमान बघतात, तेही चांगलं. बोट लावू नका, तापमान मोजायची लेझरची बंदूक आता साध्या दुकानातही मिळते. एकच हब इतरांपेक्षा बराच गरम असेल तर काहीतरी अडतंय. पण अडकलेला ब्रेकही चाक तापवतो, तेवढं ध्यानात ठेवा.

काही आवाज बेअरिंगचे नसतात हे ऐकूनच कळतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघाल्यावर टक-टक-टक येतं, ते ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटचं. तिथला रबरी बूट फाटलाय का आणि ग्रीस आजूबाजूला उडालंय का, ते पाहा. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी कर्कश घासण एकदम सुरू झाली, तर ब्रेक डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. कच्च्या रस्त्याने शेतात गाडी नेणाऱ्यांना हे नेहमीचं. थोडी मागेपुढे केली की बऱ्याचदा तो निघून पडतो. स्टिअरिंग ८० च्या पुढे थरथरतं पण आवाज नाही, तर आधी बॅलन्सिंग करून घ्या. आणि चाकाचे नट ढिले नाहीत ना, हे सगळ्याच्या आधी बघायचं.

एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला असेल तर तोही धागा सोडू नका. आपल्याकडे २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. अनेक गाड्यांत चाकाचा वेग मोजणारं चुंबकी कडं बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेलं असतं. बेअरिंग डुगडुगू लागलं की सेन्सरला मिळणारी खूण बिघडते आणि दिवा लागतो. घुमणं आणि हा दिवा एकत्र आले, तर गॅरेजच्या स्कॅनरवर ज्या चाकाचा कोड येतो तिथूनच शोध सुरू करा.

आपल्या भागात बेअरिंग का जातं

लोक उन्हाला दोष देतात. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात ग्रीस वितळत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण नेहमीचं लिथियम ग्रीस पातळ होऊन थेंब गळायला १८० अंशांच्या आसपास तापमान लागतं. मे महिन्याचं ऊन त्याच्या जवळपासही जात नाही. खरा शत्रू पाणी. पावसाळ्यात नाल्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असताना आपण गाडी घालतो. लांबून चालून आल्यामुळे हब तापलेलं असतं. ते एकदम थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. पाण्याबरोबर काळ्या मातीचा बारीक चिखल जातो. ग्रीस दुधाळ होतं, वंगणाचा गुण जातो, गोळ्यांच्या खाचेला गंज धरतो. त्या दिवशी काहीच कळत नाही. दिवाळीनंतर कधीतरी घुमणं सुरू होतं आणि तोवर फरशीचा प्रसंग आपण विसरलेलो असतो. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये याला बेअरिंगपेक्षा कितीतरी मोठं कारण आहे, पण साचलेल्या पाण्यातूनही जायची वेळ आली तर आधी थोडं थांबून हब निवू द्यावं.

दुसरा शत्रू खड्डा. वेगात खड्ड्यात चाक आदळलं की गोळ्या खाचेत दाबल्या जाऊन बारीक ठसे उमटतात. झिज व्हायला वर्षं लागतात, ठसे एका क्षणात पडतात. रिम वाकलं म्हणून आपण रिम सरळ करून आणतो आणि त्याच धक्क्याने बेअरिंगला काय झालं असेल, हे विचारत नाही. छोट्या गाडीत भरलेली पोती, किंवा शोभेसाठी बाहेर काढलेले रुंद टायर, यांनीही भार वाढतो. चाक जितकं बाहेर जाईल तितका त्याचा दांडा लांब होतो आणि बेअरिंगवर पिळा जास्त येतो.

बदलताना

निदान पक्कं झालं की उरलेलं काम गॅरेजचं, पण समोर उभं राहून दोन गोष्टी बघा. काही गाड्यांत हबसकट एकच सुटा भाग येतो, तो नटबोल्टांवर बसतो. काहींत बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे हबला धरणाऱ्या न फिरणाऱ्या लोखंडी भागात, दाबून बसवावं लागतं. हे दाबणं प्रेसवरच व्हायला हवं. नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा. हब आत घालताना आतल्या कड्याला खालून आधार हवा. उलट केलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो, खाचेत ठसे उमटतात आणि नवं कोरं बेअरिंग काही दिवसांत घुमायला लागतं. हातोड्याने ठोकून बसवणारे आजही आहेत. त्यांना स्पष्ट नाही म्हणा आणि नकल काढून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या. सीलमध्ये चुंबकी कडं असेल तर त्याची बाजू सेन्सरकडेच यायला हवी, नाहीतर एबीएसचा दिवा कायम राहील.

दुसरी गोष्ट मधल्या मोठ्या नटची. तो किती घट्ट करायचा, याचा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो आणि तो आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, म्हणजे टॉर्क रेंचनेच गाठायचा. पाइप लावून अंदाजे ओढला तर एकतर बेअरिंग ढिलं राहतं किंवा प्रमाणाबाहेर आवळलं जातं, आणि दोन्हींत त्याचं आयुष्य घटतं. नट पुरेसा आवळण्याआधी गाडीचं वजन त्या चाकावर येऊ देऊ नये. नट ठोकून लॉक करायचा असेल तर नवाच वापरावा. जीप किंवा ट्रॉलीच्या निमुळत्या रोलरच्या बेअरिंगला मात्र हा नियम लागू नाही. तिथे चाक फिरवत नट आवळतात, मग थोडा मागे घेऊन किंचित मोकळीक ठेवतात. दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाली की नुकसान ठरलेलं.

जोडीने दोन्ही बाजूंची बदलायची गरज नाही. ब्रेक पॅड जोडीने बदलतात, कारण ते बरोबरीने झिजतात. एका खड्ड्याने एकच बेअरिंग जातं. खरेदी मात्र ओळखीच्या दुकानातून, बिलासह आणि जुन्यावरचा नंबर जुळवून करा. नकली खोकं हुबेहूब दिसतं.

तोवर गाडी चालवायची का? नुसती बारीक गुणगुण असेल, खेळ नसेल, तर गॅरेजपर्यंत हळू नेता येते. खरखर, दळण्याचा आवाज, हाताला लागणारा खेळ किंवा तापलेलं हब यांपैकी काहीही असेल तर गाडी जागेवर उभी करा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा. जाळी तुटली की गोळ्या एका बाजूला गोळा होतात, चाक डुगडुगतं, ब्रेकची डिस्क तिरकी चालते. बेअरिंग जाम झालं तर चाक अडकू शकतं, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात चाक निखळूही शकतं. घरची माणसं बसवून महामार्गावर जायची ती गाडी नाही.

नानांनी माझं जुनं बेअरिंग ग्राइंडरने कापून दाखवलं. ग्रीस चहाच्या सायीसारखं झालं होतं. डिझेलमध्ये धुतल्यावर बाहेरच्या कड्यात एक खळगा दिसला, नखाने चाचपडला तर लागेल एवढाच. त्याच्या दोन्ही बाजूंना गंजाची तपकिरी रेघ होती. त्यांनी विचारलं, "भाऊ, बरसातमां गाडी पानीमां टाकेल व्हती का?" मला आठवलं. जुलैत बोरी नदीकाठच्या रस्त्याने पाहुण्यांकडे जाताना गुडघाभर साचलेल्या पाण्यातून मी गाडी काढली होती. पुढच्या आठवड्यात आईला जळगावला दवाखान्यात नेलं. एरंडोल आलं, मागे पडलं. ती मागच्या सीटवर झोपली होती.